भांड्यांचा पुनर्जन्म

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत की, काळाच्या ओघात त्यांचा अर्थ उलटून गेला तरी बोलणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. ‘मोडीत काढणे’ हा त्यांतलाच एक. जुनी मोटार मोडीत काढली, अमुक एक योजना मोडीत निघाली, असे आपण म्हणतो तेव्हा तिचा कायमचा निकाल लागला, असा आपला भाव असतो. पण कासाराच्या दुकानात हा शब्द रोज कानी पडे आणि तिथे त्यात निराशेचा लवलेश नसे. मोड म्हणजे फुटके, चेपलेले, झिजून पातळ झालेले भांडे. ते मोडीत घातले की तराजूत बसे, तराजूतून मुशीत जाई, मुशीतून ऐरणीवर येई आणि एके दिवशी लखलखीत होऊन पुन्हा कुणाच्या तरी चुलीपुढे जाऊन बसे. जीर्ण वस्त्रे टाकून आत्मा नवी वस्त्रे घेतो, असे आपण श्रद्धेने मानतो. भांड्यांच्या बाबतीत ते आपल्या आज्या-पणज्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते.

हल्ली ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ असा एक भारदस्त शब्द वर्तमानपत्रांतून वाचायला मिळतो. त्याचा साधा अर्थ असा की, वस्तू घडवतानाच ती निकामी झाल्यावर तिचे काय होणार याचाही विचार करावा. ती उकिरड्यावर न जाता पुन्हा कारखान्यात, पुन्हा घरात कशी येईल, हे तिच्या घडणीतच बसवावे. विचार उत्तम आहे. मी तो प्रथम वाचला तेव्हा मला तो नवा मात्र वाटला नाही, कारण आमच्या गावाच्या समोरच, नदीच्या पलीकडे, त्याचा इतिहास पसरलेला आहे.

कारधा हे माझे गाव वैनगंगेच्या पूर्वतीरावर. पूल ओलांडला की भंडारा. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा मोठा रस्ता आमच्या गावावरून गेला, तेवढीच बाहेरच्या जगाला आमची ओळख. भंडाऱ्याची ओळख मात्र जुनी. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाचा १११४ सालचा एक शिलालेख आहे. त्याला करभार देणाऱ्या प्रदेशांच्या नावांत वैरागर आणि लांजिका, म्हणजे आपले वैरागड आणि लांजी, यांच्या पंक्तीला ‘भाणार’ हे नाव आले आहे. तोच हा भंडारा, असे इतिहासकार मानतात. आमच्याकडचे लोक पुढे जाऊन सांगतात की, भाणे म्हणजे ताट, भांडे. भाण्यांचे गाव ते भाणारा. ही व्युत्पत्ती पंडितांच्या कसोटीला उतरो न उतरो, गावाने ती आपल्या हातांनी खरी करून दाखवली. पितळेची भांडी म्हटली की विदर्भात भंडाऱ्याचे नाव निघे. पुण्याकडच्या वाचकाला कासार म्हटले की बांगड्या भरणारा आठवतो. आमच्याकडे कासार म्हणजे भांडी घडवणारा आणि विकणारा.

आता पितळ म्हणजे काय? तांबे आणि जस्त यांचा संकर. ऐकायला सोपे, करायला अत्यंत अवघड. तांबे वितळायला १,०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि जस्त ९०७ अंशांवरच उकळून वाफ होऊन उडून जाते. खनिजातून जस्त वेगळे काढायचे म्हटले तर भट्टीत ते धातू म्हणून हाती लागतच नाही. धूर होऊन निसटते. या चंचल धातूला पकडण्याची विद्या राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर येथे सिद्ध झाली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या ठेवून, वरून आच देऊन, खाली उतरणारी वाफ थंड भांड्यात धरायची, अशी ती युक्ती. युरोपात विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. झावरच्या भट्ट्या त्याच्या कित्येक शतके आधीपासून पेटलेल्या होत्या. त्या मुशी एकदा वापरल्या की निकामी होत. झावरच्या लोकांनी त्यांचे काय केले? घरांच्या भिंतींत विटांसारख्या रचून टाकल्या! त्या भिंती पाहायला आजही लोक जातात. म्हणजे पितळेच्या जन्माच्या घरातच टाकाऊ काही नाही असा रिवाज होता.

आपल्या कासाराला जस्ताचा हा चंचलपणा पुरता ठाऊक होता. जुने पितळ वितळवले की त्यातले थोडे जस्त उडून जाते, वजन भरत नाही, रंग तांबूस होतो. म्हणून तो मुशीत वरून जस्ताची भर टाकी. हीच ती ‘घट’, आणि मोड देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हिशेबात ती प्रामाणिकपणे किंवा क्वचित थोडी जास्तच धरलेली असे. व्यवहार असा चाले: जुन्या भांड्याचे वजन करायचे, घट वजा करायची, नव्या भांड्याचे वजन करायचे, वरचा फरक आणि घडणावळ रोख द्यायची. भांड्याची किंमत दोन तुकड्यांत असे, एक धातूची आणि एक हाताची. हाताची किंमत एकदाच द्यायची. धातूची किंमत भांड्यात सुरक्षित राही. पन्नास वर्षे पाणी भरून, पोरे वाढवून, लग्ने उरकून झाल्यावरही ती कासाराच्या तराजूत परत मिळे.

माझ्या आजीचा पाण्याचा गुंड असाच होता. (गुंड म्हणजे पितळेची घागर, हा शब्द आमच्या विदर्भाचा आहे, वाचकांनी भलता अर्थ घेऊ नये!) तिच्या सासूबाईंनी तो मोडीत देऊन एकदा नवा केला होता, आणि पुढे आजीने आपल्या थोरल्या लेकीच्या लग्नाच्या वेळी पूल ओलांडून जाऊन पुन्हा एकदा केला. भांड्यावर टिंबा-टिंबांनी नाव घालण्याची रीत आपल्याकडे घरोघर होती. तीन बायकांची नावे त्या धातूवर पडली; दिसते ते फक्त शेवटचे. वंशावळी पुरुषांच्या लिहिल्या जातात. बायकांची वंशावळ अशी पितळेत वितळून गेलेली असते, हे मला त्या गुंडाकडे पाहताना जाणवते.

तुटक्या-फुटक्यातही प्रतवारी होती. चोख पितळेची मोड पितळेत जाई, तांब्याची तांब्यात. काशाची मोड कासे घडवणारालाच लागे, कारण काशात तांब्याबरोबर कथील असते, साधारण चार भागांना एक; ते पितळेत मिसळले तर दोन्हींचा घात. आणि जिथे सगळेच मिसळलेले असे, कुलुपे, कड्या, दिव्यांचे तुकडे, त्यांचे ओतून ‘भरत’ होई. भरताच्या भांड्याला रूप नसे, पण जाडी असे. रूपवान न झालेल्या धातूलाही घरात जागा होती. मुळात भांडे घडवतानाच कासार मोडीचा विचार करी. पितळेच्या हंड्याला लाकडाची मूठ नाही, लोखंडाची खीळ नाही. सांधा झाला तर डाख देऊन, म्हणजे धातूलाच धातू जोडून. हातोड्याचे ठोके देऊन पत्रा कठीण करायचा, म्हणजे जाडी न वाढवता भांडे टणक होते; आणि भट्टीत तापवले की तोच पत्रा पुन्हा मऊ होतो. बळकटी यावी आणि तरी पुन्हा वितळता यावे, असा हा दुहेरी मेळ होता.

याच विचाराचे दुसरे रूप म्हणजे कल्हई. पितळेत आणि तांब्यात आंबट पदार्थ कळकतो. ताक हिरवट होते, आमटी बाधते. म्हणून आतून कथलाचा पातळ मुलामा. कल्हईवाला झाडाखाली खड्डा करून भाता लावी, भांडे तापवी, नवसागराची चिमूट टाकी; पांढऱ्या धुराचा लोट उठे, त्यात कथलाची कांडी भांड्याला टेकवून कापसाच्या बोळ्याने तो असा काही हात फिरवी की, काळवंडलेले पातेले क्षणात चंद्रासारखे उजळे. कथील अवघ्या २३२ अंशांना वितळते, पितळेला त्याची झळही लागत नाही. यातली मेख लक्षात घेण्यासारखी आहे. भांड्याचा जो भाग रोज झिजणार तो वेगळा, स्वस्त आणि दारात येऊन बदलून मिळणारा. जो भाग मोलाचा तो पिढ्यान्‌पिढ्या शाबूत. आज एका घटकेपायी अख्खे यंत्र फेकून द्यावे लागते, तेव्हा मला त्या कल्हईवाल्याची आठवण होते.

वाचकहो, इथवर वाचून ‘गेले ते सोन्याचे, नव्हे पितळेचे दिवस’ असा उसासा टाकायला जर कोणी सरसावले असेल, तर जरा थांबावे. इतिहास लिहायचा तर तराजूची दोन्ही पारडी पाहिली पाहिजेत.

पहिली गोष्ट, भांडी हा गरिबांचा बचतीचा गल्ला होता, आणि गल्ला फुटतो तो सुखाने फुटत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० सालच्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. अशा वेळी घरातून आधी दागिने जात, मग भांडी. सगळा गाव एकदम मोड घेऊन आला की भाव कोसळे, आणि जन्मभर जपलेला हंडा चार दिवसांच्या जोंधळ्याला जाई. आजीचा गुंड मोडीत देणे आणि दुष्काळात गुंड मोडीत देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तराजू तोच, कासारही तोच. पण एकीत लग्नाची गडबड आहे, दुसरीत रिकामे चूलखंड.

दुसरी गोष्ट, पितळ सर्वांच्या हातात नव्हते. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी अस्पृश्य समाजातल्या खात्यापित्या घरच्या बायका धातूच्या घागरींनी पाणी आणू लागल्या, तेव्हा हा आपल्या प्रतिष्ठेचा अपमान समजून सवर्णांनी त्यांना मारहाण केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ सालच्या पुस्तकात हा प्रसंग नोंदवला आहे. त्याच बाबासाहेबांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती आमच्या भंडाऱ्यातून, आणि आमच्या मतदारसंघाने त्यांना पराभूत केले. भाण्यांच्या गावाने हे विसरू नये. ज्या वर्तुळात शिरायलाच काहींना बंदी होती, त्या वर्तुळाचे गोडवे गाताना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

तिसरी गोष्ट श्रमाची. जस्ताच्या धुराने भट्टीवरच्या माणसाला हुडहुडी भरून ताप येतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. कासाराच्या घराला ते वैद्यकाच्या आधीपासून ठाऊक असणार. आणि घरातल्या बाईला? पितळ चकचकीत दिसे ते तिच्या मनगटांच्या जोरावर. राख, चिंच, माती, नारळाच्या शेंड्या, आणि पहाटेचे थंडगार पाणी. माझ्या आईने मी लहान असताना पितळेची ताटे, गंज आणि एक मोठा कोपर देऊन त्यांच्या मोडीत स्टीलची भांडी घेतली. गावातल्या म्हाताऱ्या हळहळल्या. आई म्हणाली, “तुम्हाले हळहळाले काय जाते बाई, घासाले तर मलेच लागते ना!” या एका वाक्यात पितळेच्या ऱ्हासाचा जेवढा इतिहास आहे तेवढा जाड ग्रंथांत सापडणार नाही.

तो ऱ्हास एका दिवसात झाला नाही. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आणि आगगाड्यांनी युरोपातून तांब्या-पितळेचे तयार पत्रे आणले; भट्टीतले ओतकाम आणि ठोकून पत्रा करण्याचे काम कमी झाले. १८८६ साली विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम काढण्याची रीत अमेरिकेत आणि फ्रान्सात एकाच वेळी सापडली, आणि १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात तर तांब्याची इतकी टंचाई झाली की, १९४३ सालापासून सरकारने मध्ये भोक असलेला पैसा काढला. पैशाच्या पोटातला धातूसुद्धा वाचवायचा होता. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी तयार केलेले न गंजणारे पोलाद स्वातंत्र्यानंतर आपल्या स्वयंपाकघरांत पसरले. १९८१ साली सेलमचा कारखाना सुरू झाला आणि त्या पत्र्याची देशातच सोय झाली. कळकण्याची भीती नाही, कल्हईची गरज नाही. कल्हईवाल्याची आरोळी गल्लीतून हळूहळू नाहीशी झाली.

पण एक पाहण्यासारखे आहे. धातू बदलला तरी रीत बुडाली नाही. भांडेवाली डोक्यावर टोपली घेऊन आली आणि जुन्या लुगड्यांवर, पॅन्टींवर स्टीलच्या वाट्या देऊन गेली. ॲल्युमिनियमचे चेपलेले पातेले भंगारवाल्याने घेतले, कारण जुने ॲल्युमिनियम वितळवायला खनिजातून नवे काढण्याच्या मानाने विसावा हिस्साच ऊर्जा लागते. आजही आमच्या रस्त्याने भंगाराने भरलेले ट्रक रायपूरच्या बाजूला जाताना दिसतात. म्हणजे सद्‌गुण एकट्या पितळेचा नव्हता. वर्तुळ फिरायला तीन गोष्टी लागत होत्या: वस्तू एकजात द्रव्याची असावी, तिचा झिजणारा भाग वेगळा काढता यावा, आणि परत आणून देणाराच्या हातावर, त्याच्या ओळखीच्या दारात, रोख मोल पडावे. ज्या वस्तूत या तीनही गोष्टी होत्या ती फिरत राहिली. ज्यात नव्हत्या ती थांबली, आणि जिथे थांबली तिथे उकिरडा झाला.

प्लॅस्टिकची बादली घ्या. तिच्यात रंग, भुकटी आणि निरनिराळ्या जातींचे प्लॅस्टिक मिसळलेले. ती वितळवली तर पुन्हा बादली होत नाही. हिणकस मग होतो, मगाचा काळा पाइप होतो, आणि पाइपाचे पुढे काही होत नाही. ही उतरती भाजणी आहे. चिवड्याच्या चकचकीत पुडीत तर प्लॅस्टिकचे आणि धातूचे पापुद्रे असे चिकटवलेले असतात की, ते वेगळे करण्याचा खर्च पुडीच्या किमतीहून अधिक. भ्रमणध्वनीच्या यंत्रात तांबे, सोने, कोबाल्ट असे कित्येक डझन पदार्थ चिमूट-चिमूट भरलेले, वर गोंदाने बंद केलेले. या वस्तू घडवणारे कारागीर आमच्या कासाराहून अडाणी नाहीत, शतपटीने शहाणे आहेत; पण वस्तू विकली की त्यांचा तिच्याशी संबंध संपतो. कासाराचा संपत नसे. वाईट सांधलेले भांडे वीस वर्षांनी त्याच्याच दुकानात परत येई आणि त्याच्याच भट्टीला त्रास देई.

पाश्चात्त्य देशांतल्या विचारवंतांनी हीच गोष्ट आपापल्या वाटेने शोधून काढली. १९६६ साली केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने पृथ्वीला अंतराळयानाची उपमा दिली: शिदोरी मर्यादित आहे आणि टाकायला बाहेर जागा नाही. १९७६ साली वॉल्टर स्टाहेल या स्विस वास्तुविशारदाने जेनेव्हिएव्ह रेडे यांच्यासह युरोपीय आयोगाला अहवाल दिला की, वस्तू दुरुस्त करून दीर्घकाळ वापरल्या तर इंधन वाचते आणि माणसांना काम मिळते. १९९० च्या सुमारास स्वीडनच्या टॉमस लिंडक्विस्ट यांनी, माल विकणाऱ्यावरच तो परत घेण्याची जबाबदारी टाकावी, असे सुचवले. आपल्याकडे जुन्या विद्युत उपकरणांच्या बाबतीत तो नियम १ मे २०१२ पासून आला. २००५ साली एकटीने जगप्रदक्षिणा करून विक्रम करणाऱ्या एलन मॅकआर्थर या ब्रिटिश नाविक तरुणीने पुढे याच विचारासाठी संस्था काढली. ७१ दिवस आपल्या नावेत बरोबर घेतलेल्या सामानावरच जगल्यावर ‘संपणे’ म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगावे लागत नसावे.

मी शाळामास्तर. मोठा विचार वाचला की तो सातवीच्या वर्गात चालतो का, हे पाहण्याची मला खोड आहे. मी मुलांना सांगितले, घरातली कोणतीही एक वस्तू निवडा आणि ती ‘मेल्यावर’ कुठे जाणार ते लिहून आणा. बहुतेकांच्या वह्यांत दोनच ठिकाणे होती, ‘भंगारवाला’ आणि ‘नदी’. खुर्ची नदी, चप्पल नदी, खेळण्यातली मोटार नदी. एका मुलीने मात्र लिहिले होते, ‘आजीचा गुंड. तो माझ्या लग्नात नवीन होणार.’ मी विचारले, “आणि तुझ्या नंतर?” ती म्हणाली, “सर, मंग माह्या पोरीचा.” बाकीची मुले हसली. मला हसू आले नाही. वर्गातल्या पस्तीस वस्तूंपैकी एकाच वस्तूला भविष्यकाळ होता.

नदी हे उत्तर आमच्या मुलांनी उगाच लिहिले नव्हते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा नदीने आपल्या पोटातले सारे दाखवून दिले. पाणी ओसरल्यावर काठच्या झाडांच्या फांद्यांना पिशव्यांची लक्तरे लोंबत होती. घरांतून गाद्या, भुशाच्या फळ्यांची कपाटे, दूरदर्शन संच चिखलाने भरून रस्त्यावर येऊन पडले, ते तिथूनच उचलले गेले. पितळेची आणि स्टीलची भांडी बायकांनी चिखलातून उपसून काढली, घासली, आणि संध्याकाळी त्यांतच भात शिजला. त्या दिवशी पितळ आणि स्टील यांत कोणी भेद केला नाही. टिकणारे आणि न टिकणारे, एवढाच भेद उरला होता. खाली आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेला मिळते. तिच्यातून नाग नदीने आणलेले नागपूरचे सांडपाणीही येते, आणि गोसीखुर्दच्या धरणाने पाणी तुंबल्यावर ते सहजी पुढे सरकत नाही. आपण फेकलेली वस्तू ‘गेली’ असे म्हणतो. ती गेलेली नसते, कुणाच्या तरी घाटाला लागलेली असते.

म्हणून मला वाटते, जुन्या पितळेकडे परत चला, असा उपदेश करण्यात अर्थ नाही; माझ्या आईची मनगटे मला दिसतात. कासाराची भट्टी परत पेटवायची असेल तर तिला धुराडे हवे, कारागिराला रास्त घडणावळ हवी, आणि त्याच्या मालाला जातीचा उंबरठा नको. राखायचा आहे तो त्याचा करार: मी घडवलेली वस्तू मी परत घेईन, आणि घेताना मोल देईन. हा करार कागदावर लिहिलेला नव्हता, तराजूत होता. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर बंदी घातली. बंदीने काही वस्तू बाजारातून जातील. पण जी वस्तू उरेल तिला परतीची वाट कोण देणार? ते काम कायद्याइतकेच गिऱ्हाइकाचेही आहे.

दिवाळीच्या दिवसांत हे लिहितो आहे. धनत्रयोदशीला भांडे घेण्याची आपली रीत. गरिबाच्या घरीही त्या दिवशी निदान एक वाटी येते. तुम्ही घंगाळ घ्या, कुकर घ्या, पाण्याची बाटली घ्या नाही तर भ्रमणध्वनी घ्या. दुकानदार भाव सांगेल, सवलत सांगेल, हमी सांगेल. पैसे मोजण्याआधी त्याला एक जुना प्रश्न विचारा, जो आपल्या आज्या बिनदिक्कत विचारत असत: “हे मोडीत द्यायची वेळ आली, तर परत घ्याल ना? काय भावाने घ्याल?” बहुतेक ठिकाणी दुकानदार चमकून पाहील. पाहू द्या. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो घाऊक व्यापाऱ्याला विचारील, आणि घाऊक व्यापारी कारखानदाराला. आमच्या नदीपलीकडच्या गावात या प्रश्नाला नेमके उत्तर होते, वजनात आणि आण्या-पैत. ते आजच्या वस्तूंनाही देता आले पाहिजे.